एका सुरावर पास होत नाही

ते जर्नल मिट आणि कान उघडे ठेव. ‘1 किलोहर्ट्झ, टीएचडी 0.008 टक्के’ एवढ्या एका ओळीवर ॲम्प्लिफायर निर्दोष ठरवलास? किती वॅटला? कुठल्या लोडवर? एक्स्टर्नलने विचारलं तर काय, खिडकीबाहेरचं लोणावळ्याचं धुकं दाखवणार आहेस?

हा ॲम्प्लिफायर जायचाय मावळातल्या हरिनाम सप्ताहाला. तिथे वीणा, पखवाज, पेटी, टाळ आणि पन्नास गळे एकदम लागतात. सर्किट सरळ चालत नसेल तर हे सूर एकमेकांत मिसळतात आणि कुणी न गायलेले सूर बाहेर पडतात. 19 आणि 20 किलोहर्ट्झ एकत्र देऊन बघ, 1, 18 आणि 21 वर नवे सूर उगवतील. एकट्या 15 किलोहर्ट्झच्या साइन वेव्हचा दुसरा हार्मोनिक 30 वर जातो, तुझ्या 20 च्या फिल्टरबाहेर. दोष मोजलाच गेला नाही, आणि तू खूश!

मल्टिटोन घे म्हटलं, तर 32 सूर एकाच फेजमध्ये बेरीज करून टाकलेस. सारख्या पातळीच्या 32 सुरांची शिखरं एका क्षणी आली की क्रेस्ट फॅक्टर 18 डेसिबल होतो. साध्या साइनचा 3. शिखरं क्लिप झाली आणि शिव्या खाल्ल्या ट्रान्झिस्टरने. फेज कसे वाटायचे याचं सूत्र मॅनफ्रेड श्रोडरने 1970 मध्येच देऊन ठेवलंय. वाचायला कुणी अडवलं होतं?

आणि फ्रिक्वेन्सी! 48,000 चं सॅम्पलिंग, 32,768 पॉइंटची एफएफटी, म्हणजे एक बिन 1.4648 हर्ट्झचा. तुझा 1000 हर्ट्झ 682.67 वर पडला आणि शेजारच्या बिनांत सांडला. ती सांडलवंड तू डिस्टॉर्शन म्हणून लिहिलीस. 683 वा बिन धर, 1000.49 हर्ट्झ. प्रत्येक सूर असाच नेमक्या बिनवर बसव, एकाचा हार्मोनिक दुसऱ्यावर पडू देऊ नकोस, 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटी टाळ. मग रिकाम्या बिनांत नॉइज वगळून जे उरेल, ते सर्किटचं पाप.

उद्या सकाळी लॅबमध्ये ये. आधी साउंडकार्डचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून त्याचे दोष लिही. मग इनपुट शॉर्ट करून नॉइज घे. मग 8 ओहमच्या डमी लोडवर तीन पातळ्यांची रीडिंग घे. तोवर या जर्नलवर माझी सही होणार नाही.