कानशीची सुरी आणि कार्यकारणाचा प्रश्न

झिजलेल्या कानशीपासून घडवलेली सुरी नवी वस्तू मानावी की जुनीच? भारतीय दर्शनांतला कार्यकारणाचा वाद नेमका हाच आहे. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार सुरी कानशीत अव्यक्त रूपात होतीच, घडवणाऱ्याने ती प्रकट केली. न्याय-वैशेषिकांच्या मते ती आधी नव्हती, नव्याने उत्पन्न झाली.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला माती आणि सोन्याबरोबर लोखंडी नखकातरीचाही दाखला देतो. आकार व नाव बदलते, सत्य ते लोखंडच. दाखला विलक्षण नेमका आहे, पण भट्टीपाशी तो अपुरा पडतो. कानशीच्या पोलादात साधारण १ टक्का कार्बन असतो. लाल होईतो तापवून राखेत सावकाश निवू दिली की कानस मऊ पडते आणि तिचे दाते घासून काढता येतात. मग पाते पुन्हा तापवायचे, चुंबक चिकटेनासा झाला की तेलात बुडवायचे. आता ते कडक, पण इतके ठिसूळ असते की हातून पडले तरी तुटावे. सुमारे २०० अंशांवर शेकल्यावर त्यावर फिकट पिवळी झाक चढते आणि चिवटपणा येतो. द्रव्य तेच, गुण मात्र वेगळे.

अग्नीने गुण बदलतात ते कसे? घटाचे उदाहरण घेऊन वैशेषिक म्हणतात, घट परमाणूंपर्यंत सुटा होऊन पुन्हा जुळतो; नैयायिक म्हणतात, अखंड घटातच बदल होतो. पात्याच्या बाबतीत नैयायिकांचे म्हणणे अधिक पटते, कारण पाते सलग राहूनच कडक होते.