पावसात उभी मंडळी

वसईकडच्या एका गावात जुने चर्च उतरवून नवे बांधायचे ठरले. आराखडा पाहून मत द्यावे म्हणून मला बोलावले होते. पॅरिश हॉलमध्ये पडद्यावर एकेक चित्र येत होते. दोन उंच मनोरे, टोकदार कमानी, मधोमध गुलाबाच्या आकाराची रंगीत काच, आत चकचकीत फरशी आणि संपूर्ण वातानुकूलन. कमिटीतल्या बहुतेकांचे चेहरे खुलले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आजोबा उठले आणि म्हणाले, “फादर, जुलैत मयत झाली तर पेटी कुठे ठेवायची? आणि माणसं कुठे उभी राहणार?”

कोणाकडेच उत्तर नव्हते. चित्रातल्या चर्चला पायऱ्या होत्या, भला मोठा दरवाजा होता, दरवाज्यावर हात पसरलेला ख्रिस्त होता. पण छप्पर भिंतीच्या रेषेतच संपत होते. जुन्या चर्चला पुढे रुंद पडवी होती. तिथे मयतीची माणसे थांबत, छत्र्या मिटून कोपऱ्यात ठेवत, लग्नाचे वऱ्हाड जमत असे, रडणारे पोर घेऊन आई मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना फेऱ्या मारत असे. नवा आराखडा काढणाऱ्याने जुन्या चर्चची मापे घेतली होती, पण पडवीत रविवारी काय काय घडते हे पाहिले नव्हते.

वीस-पंचवीस वर्षे इमारती काढत आलो. चर्चच्या रचनेविषयी इतका नेमका प्रश्न मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेला नाही.

चर्च म्हणजे काय, याचे उत्तर मराठीने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. इंग्रजीत इमारतीलाही चर्च म्हणतात आणि श्रद्धावंतांच्या समुदायालाही चर्चच म्हणतात. आपल्याकडे इमारतीला चर्च, देऊळ, मंदिर असे म्हणण्याची पद्धत आहे; माणसांना मात्र ख्रिस्तसभा म्हणतात, आणि प्रोटेस्टंट परंपरेत सरळ ‘मंडळी’. घरात पाहुणे आले की ‘या मंडळी’ म्हणतो, तोच हा शब्द. आधी मंडळी, आणि मग तिला बसायला जागा, असा क्रम या शब्दातच आहे. इतिहासातला क्रमही हाच. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र प्रार्थनामंदिरे जवळपास नव्हतीच. ते एकमेकांच्या घरी जमत. आजच्या सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात मिळाले. दोन खोल्यांमधली भिंत काढून जमण्यासाठी दालन केलेले, आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखेच होते.

पुढे चौथ्या शतकात राजाश्रय मिळाला, मोठ्या इमारती बांधायची वेळ आली, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी रोमन देवळाचा नमुना घेतला नाही. देवळात आत मूर्ती असे आणि लोक बाहेर. त्यांनी घेतला तो बॅसिलिकाचा, म्हणजे न्यायनिवाड्याच्या आणि व्यवहाराच्या सार्वजनिक दालनाचा नमुना, कारण माणसे आत यायला हवी होती. आपल्याला हा फरक समजायला अवघड नाही. गाभारा देवाचा, तो लहान, अंधारा, आणि तिथे गर्दी अपेक्षितच नसते. सभामंडप मंडळींचा; तिथे कीर्तन होते, टाळ वाजतात, माणसे भिंतीला टेकून बसतात. चर्च हा मुळात सगळाच सभामंडप आहे. त्यातली वेदी म्हणजे शेवटच्या भोजनाचे मेज, आणि मेजाभोवती माणसे बसतात.

मधल्या शतकांत हे मेज दूर दूर जात भिंतीला लागले आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये मिस्सा अर्पू लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषेला आणि लोकांच्या सहभागाला उपासनेत जागा मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, मिस्सा मराठीतून होऊ लागली. वास्तुरचनेच्या दृष्टीने ही फार मोठी उलथापालथ होती. वेदीची जागा बदलली की बाकांची दिशा बदलते, प्रकाश कुठून यावा हे बदलते, सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाचे अंतर बदलते. बऱ्याच ठिकाणी मात्र जुन्या वेदीपुढे एक टेबल आणून ठेवले आणि काम संपले असे मानले.

ज्यांनी असे मानले नाही, त्यांच्यातले एक उदाहरण मुंबईतच आहे. दादरला पोर्तुगीज चर्च म्हटले की बसचा थांबा सगळ्यांना ठाऊक असतो. मान वर करून इमारतीकडे पाहणारे थोडे. साल्वासांव, म्हणजे तारणमातेचे हे धर्मस्थान १५९६ पासूनचे. जुनी इमारत जाऊन तिथे १९७४ ते १९७७ या काळात चार्ल्स कोरिया यांनी आजचे चर्च बांधले. कोरिया मूळच्या गोव्याच्या कॅथलिक घराण्यातले, त्यामुळे उपासना त्यांना आतून माहीत होती. आणि साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये पूर्ण केलेले असल्यामुळे, उघड्या अंगणाने माणसाच्या मनावर काय होते हेही त्यांनी अनुभवलेले होते.

या चर्चमध्ये एक भव्य दालन आणि त्यावर एक भव्य छप्पर असा प्रकार नाही. काँक्रीटची निमुळती, वर चिमणीसारखी होत जाणारी कवचे आहेत आणि त्यांच्या मधे आकाशाला उघडी अंगणे. गरम हवा कवचात वर चढते, टोकाशी असलेल्या वाटेने बाहेर पडते, आणि तिची जागा भरायला अंगणातली हवा आत येते. विजेवाचून चालणारी ही साधी यंत्रणा आहे. मात्र तिचे काम हवेपुरते संपत नाही. एका संध्याकाळी मिस्सेच्या आधी मी तिथे बसलो होतो. बाहेर बस, हॉर्न, फेरीवाल्यांची हाक. आत एका कवचाखालून दुसऱ्याखाली जाताना मधे क्षणभर डोक्यावर आकाश येत होते. पाठीवरची मोठी चौकोनी पिशवी पायाशी ठेवून एक डिलिव्हरीवाला मुलगा कडेला बसला होता. त्याला दरवाजा ढकलावा लागला नव्हता, कोणाला विचारावे लागले नव्हते. पाचेक मिनिटांनी त्याचा फोन वाजला, त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, पिशवी उचलली आणि गेला. तो ख्रिस्ती होता की नव्हता, मला सांगता येणार नाही; मुंबईत ही खूण करायला ख्रिस्ती असावे लागत नाही.

या चर्चसाठी चित्रकाम एम. एफ. हुसेन यांनी केले. धर्माने कॅथलिक नसलेल्या चित्रकाराला हे काम देण्यामागे मला मोठा विश्वास दिसतो. फ्रान्समध्ये फादर कुतुरिए या डॉमिनिकन धर्मगुरूंनी हाच आग्रह धरला होता: श्रद्धाळू पण सामान्य कारागिरापेक्षा प्रतिभावंत बोलवा, मग तो श्रद्धावान असो वा नसो. त्यांच्या आग्रहाचे मोल रोंशां या गावी कळते. ल कोर्ब्युझिए यांचे तिथले १९५५ चे चॅपल पाहिले की एखाद्या जाड भिंतीतल्या लहान भोकातून येणारा प्रकाशही प्रार्थनेला बळ देऊ शकतो, हे पटते.

दादरच्या चर्चकडे पाहताना मला एक खंतही वाटते. ख्रिस्ताला इथला करून घेण्याचे जे काम भाषेने केव्हाच केले होते, ते इमारतीला करायला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, मराठीत आणि ओवीत. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. शब्दांनी हे ज्या सहजतेने केले, त्या सहजतेने आपल्या चर्चच्या भिंतींनी केलेले नाही. गोव्याच्या जुन्या चर्चना मात्र हा दोष देता येणार नाही. त्यांचे दर्शनी रूप युरोपातून आले, पण चिरा इथला, चुन्याचा गिलावा इथला आणि हात इथल्या गवंड्यांचे. पावसाशी कसे वागायचे हे त्या हातांना ठाऊक होते. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात, दगड उघडा दिसावा म्हणून काढला गेला. सच्छिद्र जांभा तेव्हापासून पाऊस पीत आहे आणि त्याची झीज हा आज मोठ्या चिंतेचा विषय आहे. पुरातन दिसण्याच्या हौसेपायी पुरातन शहाणपण काढून टाकले गेले. वसईच्या त्या गावातले काँक्रीटचे गॉथिक मनोरे मला याच जातीचे वाटतात. गॉथिक कमान टोकदार झाली ती दगडाचे ओझे खाली नेण्यासाठी. काँक्रीटच्या चौकटीवर बसवलेल्या कमानीला काहीच पेलायचे नसते.

आधुनिकतेची नक्कलही तितकीच वाईट, आणि ती हल्ली वाढते आहे. तादाओ आंदो यांचे जपानमधल्या इबाराकीचे ‘चर्च ऑफ द लाइट’ (१९८९) फोटोंमुळे जगभर पोहोचले. काँक्रीटची अंधारी पेटी, आणि वेदीमागच्या भिंतीत आरपार कापलेला क्रूस. प्रकाश हाच क्रूस. मंडळी लहान, पैसा बेताचा. म्हणून बांधकामाच्या पराचीच्या फळ्यांतून जमीन आणि बाके केली. आंदोंना त्या क्रूसाच्या फटीत काचही नको होती. थंडीपायी ती बसवावी लागली. तिथे काच ही थंडीशी केलेली तडजोड आहे. आपल्या किनाऱ्यावर पश्चिमेला अशी बिनकाचेची फट ठेवली, तर जूनच्या पहिल्या पावसात वेदीवर पाणी असेल. आंदोंकडून घ्यायचे ते हे: पैसा कमी होता म्हणून पावित्र्य कमी पडले नाही. भिंतीतला कापलेला क्रूस तिथेच राहू द्यावा.

हाच धडा आपल्या देशातही आहे. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला लोयोला चॅपल बांधले ते विटांच्या जाळीने. दुहेरी भिंत, त्यात विटा गाळून केलेली असंख्य छिद्रे, त्यातून हवा येते आणि प्रकाश चाळून येतो. महागड्या रंगीत काचेचे काम तिथे भाजलेल्या मातीने केले आहे. वसईपासून रत्नागिरीपर्यंतच्या कोणत्याही गवंड्याला अशी जाळी बांधता येईल.

मनोऱ्याचा हट्ट धरणाऱ्यांचेही मला ऐकायचे असते, कारण तो हट्ट पोकळ नाही. एका तरुण सभासदाने त्या बैठकीत विचारले, “सर, आमचं चर्च लांबून चर्चसारखं दिसायला नको का?” या प्रश्नामागे आजच्या दिवसांत अल्पसंख्य असण्याची जाणीव आहे. आपण इथे आहोत, पिढ्यान्‌पिढ्या आहोत, हे गावाला दिसावे, अशी ती इच्छा आहे, आणि ती पूर्णपणे न्याय्य आहे. मनोरा जरूर बांधा, घंटा जरूर टांगा. माझी हरकत मनोऱ्यावर पैसा संपून पडवी कापली जाण्याला आहे. शिवाय ओळख केवळ उंचीने टिकत नाही. वांद्र्याच्या आणि गिरगावच्या गल्ल्यांत हातभर चौथऱ्यावर उभे असलेले क्रूस पाहा. त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथीतले, असे सांगतात. त्यांना छप्पर नाही, भिंत नाही. फुलांचा हार, एक मेणबत्ती, आणि संध्याकाळी जमून प्रार्थना करणारे शेजारी. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनासाठी दिवसभर सगळ्या धर्मांची माणसे येतात, मेणाचे घर, मेणाचा हात, मेणाचे बाळ वाहतात. गावाला आपण दिसतो ते या उघड्या दारांतून.

आणि म्हणूनच वातानुकूलनाला माझा विरोध आहे. उकाडा खरा आहे. मे महिन्यात सुती साडीतली आजी दीड तास बसते, तिचे हाल मी पाहिले आहेत. पण वातानुकूलन आले की खिडक्या बंद होतात, दरवाजाला आपोआप मिटणारी काच लागते, आणि मिस्सा संपली की वीज वाचवायला कुलूप. आठवड्याचे चार-पाच तास गार राहणारी आणि उरलेले सगळे तास बंद असणारी इमारत आपल्या हाती येते. मग पिशवी पायाशी ठेवून पाच मिनिटे बसणाऱ्या त्या मुलाने जायचे कुठे? उंच छप्पर, वर हवेला वाट, दोन्ही बाजूंना सावलीची पडवी आणि मोठे पंखे एवढे नीट केले, तर उकाडा सोसवण्याइतका उतरतो. कोकणातल्या घरांनी हे शतकानुशतके करून दाखवले आहे.

त्या बैठकीनंतर मी कमिटीला दुसरा आराखडा काढून दिला नाही. फक्त एक विनंती केली: पुढचे चार रविवार कमिटीतल्या दोघांनी मागच्या बाजूला उभे राहून कोण कुठे थांबते ते वहीत लिहावे. त्यांनी ते मनापासून केले. उशिरा येणाऱ्या बायका कुठे उभ्या राहतात, म्हातारी माणसे कोणत्या पायरीला अडखळतात, पोरे कुठे पळतात, चपला कुठे सुटतात, सगळे त्या वहीत आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मावश्या-आत्यांची गर्दी कुंडाभोवती मावत नाही, हेही त्यात आहे.

मनोरा अजून आराखड्यात आहे; दोनांतला एक कमी झाला आहे. वातानुकूलनाचा निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. दर्शनी बाजूला बारा फूट रुंद पडवी मंजूर झाली असून तिच्या मधोमध, वळचणीचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी, पेटी ठेवण्यासाठी दगडी ओटा आहे.