रंध्याचं तोंड

सुताराच्या हातातला रंधा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. तो फळीवरून फिरतो, गोल वळलेले छिलके वर येतात, ते झाडून बंबात जातात आणि गुळगुळीत झालेली फळी कामाला येते. खिडकीच्या चिकाच्या पडद्यासाठी पट्ट्या काढणारा रंधा मी पाहिला तेव्हा गंमत वाटली, कारण तिथे सगळा हिशेबच उलटा होता. तिथे छिलका हाच माल. बांबू उभा चिरून, गाठी कोयत्याने सपाट करून, चिरफळी बाकाला आवळायची. रंध्याचं पातं नेहमीपेक्षा जरा पुढे काढायचं आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. मधे थांबलात तर पट्टी तुटली. निघालेली लांब, पातळ पट्टी जपून बाजूला ठेवायची. अशा शेकडो पट्ट्या सुताने गुंफल्या, कडेला कापडी गोट शिवला, की चिक तयार.

हा रंधा बेगम बाजारच्या एका बोळातला. निजामअली खानाच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून बेगम बाजार, असं इथे सांगतात. पितळी भांडी, किराणा, सुका मेवा, दोरखंड, सगळं घाऊक. चार पावलांवर मासळी बाजारही आहे, आणि त्याच वस्तीत आमची जैन घरं आणि मंदिरंही. बांबूकाम करणाऱ्यांना तेलुगूत मेदरी म्हणतात, आपल्या मराठवाड्यात बुरूड. आमचं स्वतःचं दुकान हार्डवेअरचं. म्हणजे त्या रंध्यात बसणारं पातं आमच्याच गल्ल्यावरून गेलेलं असण्याची शक्यता बरीच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा वाद मला लांबून बघता येत नाही.

वाद झाला तो आमच्या महिला मंडळात. स्वाध्यायाच्या हॉलला पश्चिमेकडून अकरा खिडक्या आहेत. हैदराबादचा मे महिना, पारा चाळिशीपार, दुपारी चारला ऊन थेट पोथीवर. पडदे हवेत यावर दुमत नव्हतं. एक सून म्हणाली, बांबूचे चिक लावू या, गारवा राहतो, वारा येतो. त्यावर मोठ्या काकू शांतपणे म्हणाल्या, "बांबू म्हणजे वनस्पतिकाय जीव. तो तोडायचा, चिरायचा, तासायचा, आणि त्याच्या सावलीत बसून अहिंसेवर बोलायचं?" त्यांच्या मते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे बरे. अजीव वस्तू, कापली तरी कुणाचा जीव जात नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "काकू, आपण कुठे तोडतोय? आपण तर तयार विकत घेणार."

मोठ्या काकूंच्या बोलण्याला उत्तर शोधावं लागतं. मागून आलेल्या त्या वाक्याने मात्र मी जास्त अस्वस्थ झाले, कारण ते आपण सगळ्याच जणी रोज मनातल्या मनात म्हणत असतो. आपला धर्म तर कृत, कारित आणि अनुमोदन अशा तिन्ही दारांवर पहारा बसवतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला मान डोलावणं. विकत घेणं यातल्या कुठल्या दारातून आत येतं? मला तर ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दारात एकेक पाय ठेवून उभं असलेलं दिसतं.

शास्त्राकडे वळावं तर तिथेही एका ओळीत निकाल मिळत नाही. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात श्रावकाने टाळायच्या पंधरा खरकर्मांमध्ये वनजीविका येते; झाडं तोडून, विकून पोट भरणं. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ अशी साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. (हे वाचलं की मला आमच्या दुकानाची शेल्फं दिसायला लागतात.) आणि दुसरीकडे जिनसेनाचार्यांचं आदिपुराण. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे हे गुरू, नवव्या शतकातले. त्या राजांची राजधानी मळखेड आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातच होती. त्यात भगवान ऋषभदेवांनी लोकांना जगण्यासाठी सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. म्हणजे आमचं दुकान आणि बुरुडाचा रंधा एकाच यादीत शेजारी शेजारी. मग कालांतराने एकाचे हात स्वच्छ आणि दुसऱ्याचे मळलेले कधी झाले?

संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद आपण लहानपणापासून पाठ करतो. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. स्वयंपाकातली, धंद्यातली पूर्ण सुटत नाही, ती यत्नाने कमी करायची. तत्त्वार्थसूत्र तर हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आधी ठेवतं, प्राण जाणं नंतर. म्हणून मला वाटतं, प्रश्न बांबू कापला का एवढाच नाही. कापताना भान कुणाला होतं, हाही आहे.

भान त्या कारागिराला असतं, निदान मी पाहिलं त्याला होतं. पातं किती पुढे काढावं हे तो ठोकून, डोळ्याजवळ धरून, पुन्हा ठोकून ठरवत होता. मी विचारलं, एवढा वेळ का? तो हसून म्हणाला, "अम्मा, मुँह जित्ता खोले, रंधा उत्ताच लेता." तोंड जरा जास्त उघडलं तर पट्टी जाड निघते आणि एका बांबूत कमी पट्ट्या बसतात, फार मिटलं तर पट्टी वाऱ्याने फाटते. आपण घेतोय त्याचं माप त्याच्या बोटांना ठाऊक असतं. पैसे मोजणाऱ्या आपल्याला फक्त चौरस फुटाचा भाव ठाऊक.

आणि तो भावच खरा घोळ करतो. बांबूत जितकं पिठूळ सत्त्व जास्त, तितका त्याला भुंगा लवकर लागतो. म्हणून जाणते लोक कोवळे कोंब राखून तीन वर्षांवरचा बांबू तोडतात, पावसाळा सरल्यावर तोडतात, पाण्यात मुरवतात, मग सुकवतात. यात महिने जातात, आणि महिने म्हणजे अडकलेलं भांडवल. गिऱ्हाईक जेव्हा फुटामागे पाच रुपये पाडून घेतं, तेव्हा ते पाच रुपये बहुतेक या मुरवण्यातून जातात. मग ओला, अवेळी तोडलेला बांबू रंध्याखाली येतो. वर्षभरात पट्टीतून पिठासारखा भुगा गळायला लागतो, आपण औषध फवारतो, त्यात भुंगे मरतात, ते तर चालतेफिरते त्रस जीव. तरी चिक टिकत नाही, फेकतो, नवा घेतो. एकाच्या जागी तीन बांबू तुटले. घासाघीस करणं आपल्याकडे गृहिणीचा गुण समजला जातो. या हिंसेचा जमाखर्च मात्र कुठल्याच वहीत लागत नाही. (ती वहीही कागदाची, आणि आदिलाबादकडचा बांबू आमच्या कागजनगरच्या गिरणीत लगदा होऊन कितीतरी वर्षं कागदच बनत आला आहे.)

बांबू हे झाड नव्हे, गवत. 2017 साली कायद्यानेही वनाबाहेरच्या बांबूला झाडांच्या व्याख्येतून काढलं. बेटातले पक्के बांबू तोडले तरी बेट जगतं, पुन्हा फुटतं. मोठ्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गवतालाही जीव असतो." बरोबर आहे, याला उत्तर नाही. पण प्लॅस्टिकचं त्यांचं गणित मला पटत नाही. उन्हाने त्या पट्ट्या तडकतात, कुणी दुरुस्त करत नाही, आणि शेवटी उकिरड्यावर कुणीतरी काडी लावतं. तो काळा, घशाला झोंबणारा धूर वायुकायाला आणि त्यात उडणाऱ्या जिवांना काय करतो? कापताना जीव गेला नाही म्हणून जळताना जाणारा मोजायचा नाही, असं कसं चालेल?

बुरूड समाजाला पूज्य असलेल्या केतय्यांची एक कथा आहे. बाराव्या शतकात, बसवण्णांच्या काळात ते कल्याणला बांबू तोडून, टोपल्या विणून जगत. एकदा बांबूतून सोन्याची नाणी निघाली. आपल्या कष्टाचं नाही म्हणून त्यांनी ती नाकारली. ही आपल्या परंपरेची कथा नव्हे, पण अपरिग्रहावर बोलताना मला हल्ली तीच आधी आठवते. ज्याच्या धंद्याला आपण हिंसक म्हणून नाक मुरडलं, त्याने किती घ्यायचं हे ठरवून ठेवलं होतं. बेगम बाजारात बांबूतून सोनं निघालं असतं तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही.

मंडळात शेवटी मी एवढंच मांडलं: चिक घ्यायचे तर भाव पाडायचा नाही, अर्धी रक्कम आगाऊ द्यायची, म्हणजे त्याला दिवाळीनंतरचा बांबू घेऊन मुरवता येईल, आणि फाटले तर त्याच्याचकडून पट्ट्या बदलून घ्यायच्या. दोन बायकांनी विचारलं, आगाऊ पैसे घेऊन तो पळाला तर? इतर व्यापाऱ्यांना आपण आगाऊ देतो तेव्हा हा प्रश्न विचारतो का, असं एका सुनेनेच परस्पर विचारलं आणि तो विषय तिथे मिटला. दुकानातल्या पात्यांचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. घरात त्यावर यजमानांशी माझं बोलणं चालू आहे, ते म्हणतात मग सुऱ्या नि विळ्याही बंद करू या का.

अकरापैकी दहा खिडक्यांची मापं दिली आहेत. अकरावीखाली मोठ्या काकू बसतात. त्यांनी घरून एक जुनं, धुतलेलं पांढरं धोतर आणून स्वतःच्या हाताने तिथे बांधलं आहे.