न केलेल्या कर्माचे फळ

भारतीय दर्शनांमध्ये मतभेदांना तोटा नाही. आत्मा आहे की नाही, ईश्वर लागतो की नाही, जग खरे की भास, यांवर शतकानुशतके वाद झाले. कर्माच्या बाबतीत मात्र चार्वाक वगळता जवळजवळ सर्वांनी दोन आपत्ती टाळायच्याच असे ठरवलेले दिसते. केलेले कर्म फळ न देताच वाया जाणे हा ‘कृतनाश’, आणि जे केलेच नाही त्याचे फळ माथी येणे हा ‘अकृताभ्यागम’. एखाद्या मतातून यांपैकी एक दोष निघाला की ते मत पडले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात संसार अनादी मानला पाहिजे हे याच युक्तिवादाने मांडले, तर बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्राने बौद्धांच्या क्षणिकवादावर हेच शस्त्र उगारले. या वादांत दोन्ही दोष केवळ तर्कातले होते. हवेच्या रसायनशास्त्राने ते प्रत्यक्षात घडत असल्याचे दाखवून दिले आहे.

लाकूड, कोळसा, डिझेल यांत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतो. ज्वलनाला हवा आणि उष्णता पुरेशी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. हवा किंवा उष्णता कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि अर्धवट जळलेले कण बाहेर पडतात. धूर म्हणतात तो हाच. न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी हा भेद आपल्या पद्धतीने टिपला होता. पर्वतावर दिसणाऱ्या धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, पण अग्नीवरून धुराचे करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले इंधन लागते, आणि त्या ओलेपणाला ते ‘उपाधी’, म्हणजे जादा अट, म्हणत. पर्वतावरच्या धुराचे हे उदाहरण पाठ करणाऱ्या पिढ्यांना त्याचा आणखी एक अर्थ कळण्याचे कारण नव्हते: धूर गेला म्हणून अग्नीचे फळ गेले असे होत नाही. १२ किलो कार्बन पूर्ण जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास.

धुराचे फळ लवकर मिळते. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि हवेतील हायड्रॉक्सिल मूलकांशी किंवा धुक्याच्या थेंबांत अभिक्रिया होऊन त्याचे गंधकाम्ल बनते. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस असे आम्ल धुके साचून राहिले. तेव्हाच्या हिशेबात सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढील काही अंदाज हा आकडा १२,०००पर्यंत नेतात. शेगड्या लंडनकरांच्या, कोळसा लंडनकरांनी जाळलेला, फुफ्फुसेही त्यांचीच. कर्ता आणि भोक्ता इतके जवळ आले की १९५६मध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला. अर्थात ही जवळीकही सरासरीपुरतीच. चुलीच्या धुराचा मोठा वाटा रांधणाऱ्या बाईच्या छातीत जातो, आणि जेवणारे सगळे घर असते.

त्यानंतर एक उपाय पुष्कळ ठिकाणी झाला, तो म्हणजे धुरांडी उंच करणे. त्याने जवळच्या वस्तीची हवा सुधारली. पण ब्रिटन आणि मध्य युरोपातले गंधक वाऱ्याबरोबर स्कँडिनेव्हियात पोहोचले आणि तिथली तळी आम्ल होऊन त्यांतले मासे मेले. न केलेल्या कर्माच्या फळाने इथे देशाची सीमा ओलांडली. तरी गंधकाचे हवेतले आयुष्य दिवसांत मोजण्याइतकेच असते. सल्फेटचे कण आठवडाभरात पावसाबरोबर खाली येतात, त्यामुळे सोडणे थांबवले की हवा पुन्हा स्वच्छ होते.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. हवेत त्याचा नाश करणारी कोणतीही वेगवान अभिक्रिया नाही. तो समुद्रात विरघळतो, झाडांत बांधला जातो, आणि उरलेला खडकांच्या झिजेची वाट पाहत राहतो. आज सोडलेल्या वायूपैकी सुमारे ४० टक्के शंभर वर्षांनी हवेतच असतो आणि पाचवा हिस्सा हजार वर्षांनंतरही उरतो. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंगने १९५८मध्ये हवाईतील मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५च्या आसपास होते. आता ४२०च्या पुढे गेले आहेत. ज्याने जाळले तो ऊब आणि वेग घेऊन निघून जातो. तापमानाचा वाटा ज्यांच्याकडे जातो त्यांतले बहुतेक अजून जन्मलेले नाहीत. कर्त्याच्या बाजूने हा कृतनाश, भोक्त्याच्या बाजूने अकृताभ्यागम.

पुनर्जन्म मानणाऱ्याला यावर एक सोपे उत्तर आहे: जाळणारेच पुढे जन्म घेऊन भोगतील. त्याने हिशेब जुळतो. पण मग पुरात घर गमावलेल्याला त्याचे दुःख त्याच्याच मागील जन्माचे आहे असे सांगावे लागते. त्यामुळे जाळणाऱ्याची सुटका होते, म्हणून हे उत्तर नीतीच्या कामाचे नाही.

परंपरेत याहून उपयोगी सामग्री आहे. बौद्धांच्या ‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला एक दाखला देतो. एक माणूस दिवा घेऊन माडीवर जेवायला बसतो. दिव्याने छपराचे गवत पेटते, गवताने घर, घराने गाव. गावकऱ्यांनी धरल्यावर तो म्हणतो, मी जेवलो तो दिवा वेगळा आणि गाव जाळणारी आग वेगळी. राजा मिलिंद निवाडा गावकऱ्यांच्या बाजूने देतो, कारण ती आग त्याच दिव्यातून निघाली. इथे जबाबदारी कर्त्याच्या एकसारखेपणावर नव्हे, तर कार्यकारणाच्या न तुटलेल्या साखळीवर उभी आहे, आणि त्या साखळीच्या टोकाला दुसऱ्याचे घर आहे. वायूंच्या बाबतीत ही साखळी मोजताही येते.

मनुस्मृतीत आणखी दोन विचार सापडतात, आणि व्यक्तिगत कर्माच्या चोख हिशेबाला दोन्ही गैरसोयीचे आहेत. अधर्माचे फळ कर्त्याला मिळाले नाही तर मुलांना, मुलांना नाही तर नातवंडांना मिळते, हा एक. प्रजेच्या पुण्यपापाचा सहावा हिस्सा राजाकडे जातो, हा दुसरा. मोक्षशास्त्राने हे फारसे मनावर घेतले नाही. पण हवेच्या प्रश्नाला तेच अधिक लागू पडतात. कर्म वंशात उतरते आणि राज्यसंस्थेच्या खात्यावर चढते. १९९२च्या हवामान करारातले ‘समान पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व याच्या जवळचे आहे. जीवाश्म इंधनांतून आजवर निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे; कितीतरी मोठ्या लोकसंख्येच्या भारताचा चार टक्क्यांच्या आत.

हेतूचा प्रश्न यानंतर येतो. बुद्धाच्या मते चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. जैन मत अजाणता घडलेल्या हिंसेलाही पूर्ण सोडत नाही. त्याच्या दृष्टीने वायू स्वतःच जीवकाय आहे आणि कर्म हे जीवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य आहे. स्वान्ते अऱ्हेनियसने १८९६मध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास किती तापमान वाढेल याचे गणित मांडले. थंड देशांचे त्याने भलेच होईल असे त्याला वाटे. त्या पिढीला हेतूच्या कसोटीवर दोषी धरता येत नाही. पण हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाचा (आयपीसीसी) पहिला अहवाल १९९०चा आहे आणि आजवरच्या उत्सर्जनाचा निम्म्याच्या आसपास भाग त्यानंतरचा आहे. हेतूची ढाल त्या तारखेनंतर चालत नाही.

सर्वांत अवघड पेच गंधक आणि कार्बन यांच्यामधला आहे. सल्फेटचे कण ऊन परतवतात. जून १९९१मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढच्या वर्षी पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली. माणसाने सोडलेल्या कणांनीही तापमानवाढीचा काही भाग, आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालानुसार सुमारे ०.४ अंश, झाकून ठेवला आहे. १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५वरून ०.५ टक्क्यावर आली; फुफ्फुसांचे भले झाले आणि झाकण थोडे उघडले. मग हवा स्वच्छ करणे हे पाप ठरते काय? ठरत नाही. उघडी पडणारी उष्णता गंधक थांबवण्याचे फळ नसून कार्बनचे लांबलेले फळ आहे. पुण्यातून पापाची वजाबाकी होत नाही, दोन्ही वेगवेगळी भोगावी लागतात, हा कर्मविचारातला नियम इथे अक्षरशः खरा ठरतो. महाभारतात युधिष्ठिरालाही अश्वत्थाम्याविषयीच्या अर्धसत्यापायी नरक पाहावा लागतो; त्याच्या पुण्याने ते दर्शन टळत नाही. ओझोनच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या पॉल क्रुट्झनने २००६मध्ये वरच्या वातावरणात मुद्दाम गंधक सोडण्याचा विचार मांडला, तोही नाइलाजाचा पर्याय म्हणून. वर्ष-दोन वर्षांत विरणाऱ्या कणांनी शतके टिकणाऱ्या वायूला झाकायचे, तर हे काम पुढच्या कित्येक पिढ्यांवर लादावे लागेल. म्हणजे एका अकृताभ्यागमावर दुसरा.

जैन शास्त्रात कर्मद्रव्यापासून सुटण्याच्या दोन क्रिया आहेत: नवे कर्म आत येणे थांबवणारा ‘संवर’ आणि साचलेले झडवणारी ‘निर्जरा’. संवराविना निर्जरा पुरी पडत नाही. रसायनशास्त्रातही निर्जरा शक्य आहे. बेसॉल्टमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी कार्बन डायऑक्साइडचा संयोग होऊन कार्बोनेट खनिजे बनतात. निसर्गात याला लाखो वर्षे लागतात. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवून खडकात सोडलेल्या वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला. महाराष्ट्राचा बराचसा भाग अशाच बेसॉल्टवर, दख्खनच्या लाव्हाथरांवर, वसलेला आहे. पण आइसलँडमध्येच २०२१मध्ये सुरू झालेला ओर्का प्रकल्प हवेतून वर्षाला ४,००० टन वायू काढण्यासाठी बांधला होता, आणि जीवाश्म इंधनांतून जग वर्षाला साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक सोडते. या आकड्यांत संवराला पर्याय नाही.