दोघंही पितात, पांडुरंगा

पांडुरंगा, नवरा दारू पितो हे गाऱ्हाणं तुझ्या कानांना नवीन नाही. आज मागणं निराळं आहे. ज्या घरात नवराही पितो आणि बायकोही पिते, त्या घरासाठी हात जोडले आहेत. तिथून तुझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायला शुद्धीवर कुणी उरलेलंच नसतं.

आमच्या या चेन्नईत शांती रंगनाथन यांचा नवरा १९७९ साली दारूपायी गेला. बाईंनी पुढच्याच वर्षी व्यसनमुक्तीचं केंद्र काढलं आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतलं. पण घरचंच माणूस पिणारं असेल तर कुणाला सामील करायचं? एकानं सोडायचं मनावर घेतलं की दुसरं म्हणतं, "आज एकच घे, सोबतीला." देवा, ही सोबत मोड. संसार मोडू नकोस, जमलं तर. नाहीच जमलं तर काही महिने दोघांना वेगळं ठेव. दोघं एकदम सुधारू देत, असं मी मागत नाही. जो आधी थांबेल त्याला दुसऱ्याची वाट पाहायला लावू नकोस, एवढंच.

विटा-खानापूरकडून सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यासाठी इथं सौकारपेठेत आलेली आमची मंडळी सांगतात, माळ घाला, दारू सुटेल. माळेवर माझीही श्रद्धा आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका रात्रीत बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो, कधी जीवही जातो. म्हणून तुझ्या माळेआधी त्यांना डॉक्टरांपुढे बसव. तुला राग येणार नाही, ठाऊक आहे.

आणि तिला विसरू नकोस. त्याला लोक निदान टास्मॅकच्या, सरकारी दारू दुकानाच्या दारातून उचलून आणतात. तिची बाटली तांदळाच्या डब्यात असते. सापडली की आजाराचं कुणी बोलत नाही, सगळे चारित्र्यावर घसरतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं पुढे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो उगाच नाही. तिलाही अशी एक खाट मिळू दे, आणि तिथवर नेणारी नणंद किंवा जाऊ.

आधी कुणी सुरू केली, याचा निवाडा करण्यापासून आम्हा शेजाऱ्यांना आवर. त्यांची मुलं रात्री आमच्याकडे जेवायला येऊ देत. आम्ही त्यांना काही विचारणार नाही.