तारीख आधी तिला विचारा

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्ती स्त्रिया जागतिक प्रार्थना दिन पाळतात. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया त्या उपासनेची रूपरेषा लिहितात आणि जगभर तीच प्रार्थना होते. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायका मात्र तेव्हा गावातच नसतात. दसरा-दिवाळीनंतर त्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात गेलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात. अंधारातच फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या आणि कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतून चूल पेटवायची.

असेच दमलेले शिष्य मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात परत येतात. त्यांना जेवायलाही सवड नसते. येशू त्यांना आणखी काम सांगत नाही, तर एकांतात थोडा विसावा घ्यायला बोलावतो. मंडळीच्या महिला शिबिराचा खरा पाया हाच, असं मला वाटतं.

मग आपली शिबिरं भाषणांनी का भरलेली असतात? उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर आणि पेरणीआधी, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला तारीख विचारून शिबिर घ्या. लिहिता-वाचता न येणारीलाही म्हणता येतील अशी गाणी ठेवा. दुपारी तिला निवांत झोपू द्या. लेकरं सांभाळायला माणसं नेमा.

आणि मंडळीतल्या भावांनो, शिबिराच्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही करा. भाकरी थापण्यापासून भांडी घासण्यापर्यंत, सगळं.