तंतोतंत

1976 साली मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ईगल्स हा बँड 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं ध्वनिमुद्रण करत होता. गाण्याच्या शेवटी दोन गिटारींचा लांबलचक सोलो यायचा होता. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श गिटारी सरसावून बसले आणि सुचेल तसं वाजवू लागले. डॉन हेन्लीने, म्हणजे त्या गाण्यात ज्याचा आवाज आपण ऐकतो त्या ड्रमवादक गायकाने, त्यांना थांबवलं. त्याला नवं काही नको होतं. कितीतरी महिन्यांपूर्वी मालिबूच्या भाड्याच्या घरात फेल्डरने या गाण्याचा कच्चा आराखडा टेपवर भरला होता. त्यात जे वाजलंय तेच हवं, असा हेन्लीचा हट्ट होता. फेल्डरला ते धड आठवेना आणि कॅसेट तर लॉस एंजेलिसला घरी राहिलेली. मग त्याने घरी फोन लावला. तिथल्या घरकाम करणाऱ्या बाईंनी कॅसेट शोधून लावली, फोन तिच्यापाशी धरला आणि फेल्डर स्वतःचाच सोलो फोनवरून ऐकून पुन्हा शिकला.

फेल्डरने हा किस्सा अनेकदा सांगितला आहे. मला त्यात एका जुन्या वादाचं उत्तर दिसतं. दुसऱ्याचा सोलो सूर न् सूर तसाच बसवणं ही कला की हमाली, असा तो वाद. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी कधीतरी सुनावतंच की, नकला कसल्या करतोस, स्वतःचं काहीतरी वाजव. हा सल्ला ऐकायला फार उदार वाटतो. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. मूळ वादकाच्या हातून तो सोलो एका झटक्यात, उत्स्फूर्तपणे निघाला आणि आपण मागाहून त्याचा ठसा उमटवत बसलोय, हे ते गृहीत. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या बाबतीत तर ते सरळसरळ खोटं ठरतं. तो सोलो बसवणारा पहिला विद्यार्थी खुद्द फेल्डर होता.

पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल' या 1979 च्या अल्बममध्ये 'कम्फर्टेबली नम्ब'च्या शेवटी डेव्हिड गिल्मरचा जो सोलो आहे, त्याची गोष्ट आणखी पुढची. गिल्मरने पाच-सहा वेळा वेगवेगळं वाजवलं, प्रत्येक वेळचे चांगले तुकडे टिपून ठेवले आणि मिक्सिंग करताना ते एकापुढे एक जोडले. म्हणजे रेकॉर्डवर आपण जो अखंड सोलो ऐकतो, तो तसा सलग त्या दिवशी कुणीच वाजवला नव्हता. आज जगभरातली मुलं तो एका दमात वाजवतात. लेड झेपलिनच्या जिमी पेजची तऱ्हा निराळी. 1971 च्या 'स्टेअरवे टू हेवन'साठी त्याने तीनदा उत्स्फूर्त वाजवून त्यातला एक सोलो निवडला, आणि पुढे मंचावर तो दर खेपेला बदलत राहिला. रेकॉर्डवरचा सोलो ज्यांना पाठ होता ते श्रोत्यांत बसलेले असायचे, आणि वाजवणारा तो मागे टाकून पुढे गेलेला असायचा.

हे तिन्ही सोलो जन्मले वेगवेगळ्या वाटांनी, आणि रेकॉर्डने तिघांनाही बंदिशीचं रूप दिलं, असं माझं म्हणणं आहे. बंदीश तंतोतंत शिकण्यात कमीपणा कसला?

आता ती शिकताना प्रत्यक्षात काय हाती लागतं ते पाहू. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं चक्र आठ कॉर्ड्सचं आहे. प्रत्येक कॉर्ड चार मात्रांची, म्हणजे बत्तीस मात्रांचं एक आवर्तन. बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प. रॉक शिकणाऱ्याला सगळ्यात आधी पाच सुरांचं मायनर पेंटाटॉनिक शिकवतात. आपल्याकडच्या कानाला तो सरळसरळ धानी आहे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. या पाच सुरांवर शेकडो गाणी निभावतात. इथेही पहिल्या कॉर्डवर ते गोड लागतात. दुसरी एफ शार्प आली की मात्र घोटाळा होतो. बी हा षड्ज धरला तर एफ शार्पच्या पोटात शुद्ध निषाद आहे. तुम्ही सवयीने कोमल निषाद धरून बसलात, तर खालच्या गिटारीतून शुद्ध निषाद वाजत राहतो आणि दोन्ही निषाद एकमेकांना खेटून उभे राहतात. बोटं बिनचूक पडली तरी कान कुरकुरतो.

मग वाटतं, हा तर कीरवाणी. कोमल ग, कोमल ध, शुद्ध नी. तेवढ्याने चार पावलं पुढे जाता येतं. लगेच तिसरी कॉर्ड येते ए मेजर, आणि तिला कोमल निषाद हवा. चौथी ई मेजर, तिला शुद्ध धैवत हवा. पाचवी जी, तिथे धैवत पुन्हा कोमल. एका आवर्तनात दोन्ही धैवत, दोन्ही निषाद, आणि कोणता कधी लावायचा हे ठरवणारी सत्ता तळाच्या कॉर्डकडे. रागात वाढलेल्या कानाला हे उमगायला वेळ लागतो. आपल्याकडे रागाने एकदा सूर ठरवून दिले की त्यांच्यात रमायचं असतं. इथे पायाखालची जमीनच दर चार मात्रांनी बदलते आणि वरच्या सुराला तिची जाण ठेवावी लागते. सोलोच्या शेवटच्या भागात दोन्ही गिटारी त्या त्या कॉर्डचे सूर सुटे करून वाजवतात, तेव्हा ही सगळी रचना उघड्यावर येते. तो भाग बोटांना अवघड, कानाला मात्र सर्वांत प्रामाणिक. तो बसवता बसवता मला प्रथमच कळलं की फेल्डर वेगाने पळत नाहीये, तो एकेक कॉर्ड नीट उच्चारतोय. कुणाच्या सांगण्यावरून हे कळलं नसतं. पुस्तकात तर मी ते पूर्वीच वाचलेलं होतं.

म्हणून 'स्वतःचं वाजव' हा सल्ला शिकण्याच्या सुरुवातीला मला निष्ठुर वाटतो. स्वतःचं म्हणून त्या वेळी आपल्यापाशी असतं तरी काय? धानीचे पाच सूर आणि त्यांच्यावरून वरखाली धावायची बोटांची खोड. दुसऱ्याचा सोलो आपल्याला त्या खोडीच्या बाहेर ओढून नेतो. ज्या जागी आपण कधीच थांबलो नसतो तिथे तो थांबायला लावतो.

आता बेंडविषयी, कारण सगळं रहस्य तिथे आहे. बेंड म्हणजे पडद्यावर दाबलेली तार आडवी ढकलून सूर चढवणं. सतारीची मींड तीच, फक्त सतारीवर तार खाली ओढतात आणि गिटारीवर बहुधा वर ढकलतात. अनामिकेने तार दाबायची, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर आधाराला ठेवायची, आणि जोर बोटांतून न काढता मनगट फिरवून काढायचा. एक पूर्ण सूर चढवायचा असेल तर तार शेजारच्या तारेपर्यंत सरकते. नेमकं कुठे थांबायचं याची खूण गिटारीवर कुठेच नाही. पडदा मागे राहिलेला असतो. तिथून पुढचा न्याय फक्त कानाचा. किंचित कमी ढकललं तर सूर उतरता राहतो आणि अख्खं वाक्य रडकं होतं. किंचित जास्त झालं तर चढा सूर टोचतो. मी बेंड तपासताना आधी दोन पडदे पुढचा सूर साधा वाजवून घेतो, तो कानात धरतो, मग मागे येऊन तार ढकलत त्या सुराला भेटायला जातो. सूर भेटला की दोघांतलं आंदोलन थांबल्यासारखं होतं. सुरुवातीला बोटांची टोकं सोलवटतात, मग घट्टे पडतात, आणि घट्टे पडल्यावरच खरी बारीक कामं सुरू होतात.

टॅब नावाच्या लिपीत यातलं काहीच येत नाही. कोणती तार, कितवा पडदा, एवढं ती चोख सांगते आणि बेंडच्या जागी एक वळलेला बाण काढते. तो बाण किती वेळात चढायचा, वर पोचल्यावर सूर हलवायचा की स्थिर ठेवायचा, उतरताना ऐकू येऊ द्यायचं की तार हळूच दाबून मिटवायचं, हे सगळं रेकॉर्डकडेच मागावं लागतं. पूर्वी 33⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्स निम्म्या वेगाने, 16⅔ वर फिरवून लोक असे सोलो उतरवून घेत. वेग निम्मा झाला की सूरही एक सप्तक खाली जात. आता सूर न बदलता हवा तेवढा वेग उतरवता येतो, आणि या सोयीबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. ठाय लयीत ऐकलं की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. दोन वाक्यांमधली जी रिकामी जागा वेगात जाणवतही नाही, ती ठाय लयीत चांगली ऐसपैस होऊन समोर येते. ती जागा बसवणं हे सूर बसवण्याहून अवघड आहे, कारण हाताला काहीतरी करत राहायची घाई असते.

आपल्याकडे गुरूसमोर बसून शिकताना तान त्यांच्यासारखी येईपर्यंत घोटावी लागते आणि तिला कुणी चोरी म्हणत नाही. रॉकमध्ये अनेकांसाठी समोर बसलेला गुरू नसतो, असते ती रेकॉर्ड. ती चूक दाखवत नाही, शाबासकी देत नाही, पण हजार वेळा विचारलं तरी कंटाळत नाही आणि दर वेळी तेच उत्तर देते. हेही आपल्याला अपरिचित नाही. 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गायचा, आणि त्या वयातच त्याला कुमार गंधर्व ही पदवी मिळाली. पुढे मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे त्याचं रीतसर शिक्षण झालं. ज्याच्या गाण्याला कुठल्याच घराण्याच्या कुंपणात बसवता आलं नाही असा गवई नकलेतून सुरुवात करून गेला, ही गोष्ट मी गिटार शिकणाऱ्या मुलांना आवर्जून सांगतो. त्या नकलांनी कुमारांचं काही हिरावून घेतल्याचं त्यांच्या गाण्यात तरी मला कुठे दिसत नाही.

एक अडचण मात्र नक्कल करणाऱ्याला एकट्याने सुटत नाही. हा सोलो दोघांचा आहे. फेल्डरची गिब्सन लेस पॉल जाड, गोलसर आवाजाची, वॉल्शची फेंडर टेलिकास्टर धारदार. आधी एक पूर्ण बोलतो, मग दुसरा, मग दोघे छोटे छोटे तुकडे एकमेकांकडे टाकतात आणि शेवटी जोडीने वाजवतात. घरी एकटं बसून शिकताना आपण दोघांचंही वाजवतो, आणि ते बाकीच्या अभ्यासाइतकंच शिकवून जातं. वॉल्श सुराला मागून येऊन पकडतो, त्याचं बोलणं थोडं खरखरीत. एका आवर्तनातून दुसऱ्यात जाताना हाताचा स्वभाव बदलावा लागतो. पण शेवटचा जोडीचा भाग आला की एका गिटारीवर दोन्ही ओळी मावत नाहीत. तिथे दुसरं माणूस लागतंच. माझी भाची गिटार शिकते आहे. तिने पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली, "मामा, तू वॉल्श, मी फेल्डर." आता आम्ही दोघं मिळून वाजवतो. एकट्याने वाजवताना बरोबर वाटणारे माझे कितीतरी सूर तिच्या ओळीशेजारी उतरे निघाले. बेंड मी रेकॉर्डशी जुळवले होते. ते जिवंत माणसाशी, या क्षणी, पुन्हा जुळवावे लागतात.

फेल्डरला 2001 मध्ये बँडमधून काढण्यात आलं. त्यानंतर स्टुअर्ट स्मिथ हा गिटारवादक ईगल्सबरोबर मंचावर उभा राहून फेल्डरचा भाग वाजवू लागला, जवळजवळ रेकॉर्डवर आहे तसाच. फेल्डरवर अन्याय झाला की नाही हा भाग वेगळा. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की सोलो तिथेच राहिला. करणारा गेला तरी चालणारी आणि दुसऱ्याच्या हातून तितकीच खरी लागणारी वस्तू तो झाला होता. कुणाच्या तरी मनमानी बोटांतून सहज निसटलेल्या सुरांना हे भाग्य लाभत नाही.

तंतोतंतपणाला एका ठिकाणी मात्र रेकॉर्डच पाठ दाखवते. गाणं साडेसहा मिनिटांनी संपतं ते कुठल्याही सुरावर न थांबता. दोन्ही गिटारी चक्र फिरवत राहतात आणि आवाज विरत जातो. मंचावर किंवा घरात आवाज असा विरवता येत नाही, हात कुठेतरी थांबवावे लागतात, आणि कुठे थांबायचं ते रेकॉर्ड सांगत नाही. मी शेवटच्या एफ शार्पवर शुद्ध निषाद जरा लांबवून बी मायनरच्या षड्जावर उतरतो. भाचीला ते पसंत नाही. तिचं म्हणणं, रेकॉर्डमध्ये एफ शार्पनंतर दर वेळी नवं आवर्तनच सुरू होतं, घरी पोचणं असं तिथे नाहीच, तेव्हा तोडायचं तर एफ शार्पवरच तोडू. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. या आठवड्यात आम्ही तिच्या पद्धतीने वाजवून पाहणार आहोत.